ठेवीचे पैसे नकोत, तारीख हवीय

ती. आई-बाबा, सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले की १८ तारखेला ठेवीची मुदत भरतेय, ते पैसे तुला नव्या शहरात नोकरीला जायला पाठवून देतो, आणि मी "बघू नंतर" म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर फोनवर मला तुमच्याशी पैशांचं बोलताच येत नाही बाबा, तुम्ही दोन वाक्यांत निकाल लावून मोकळे होता आणि आई मागे टीव्हीचा आवाज कमी करते म्हणजे ती सगळं ऐकतेय पण बोलणार काहीच नाहीये. म्हणून लिहितेय. हिशोब आहे, त्यामुळे बाबांनी चष्मा लावूनच वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, गाळायचं काही नाही.

आकडे मुद्दाम खरे लिहीत नाहीये, कारण ते वाचले की तुम्ही दोघं रात्री झोपणार नाही. माझा आत्ता हातात येणारा पगार १०० धरा. हातात येणारा हं, ऑफर लेटरवर छापतात तो नाही, त्यातलं बरंचसं आपल्यापर्यंत पोचतच नाही. या १०० मधले १८ भाड्याला जातात, ५ येण्याजाण्याला, २७ खाणंपिणं, लाईटबिल, फोन वगैरे, १० घरी पाठवते आणि १२ किरकोळ. उरतात २८. बाबा, तुमच्या वहीतला तो लाल शाईचा "किरकोळ" रकाना आठवतो का, दर महिन्याला सगळ्यात फुगलेला असायचा आणि आई विचारायची की यात नक्की काय काय आलं? मी हसायचे. आता माझ्या मोबाईलमधल्या एक्सेलमध्ये तोच रकाना आहे आणि त्यात काय काय आलं ते मलाही सांगता येत नाही.

नव्या शहरातला पगार १४०. तुम्ही म्हणालात ना, पगार ४० टक्के वाढतोय तर अडचण कसली. अडचण अशी की एकटीनं जागा घेतली तर भाडंच ७० जातंय, म्हणजे अर्धा पगार! ऑफिसातल्याच एका मुलीबरोबर शेअर केली तर माझ्या वाट्याला ४२. प्रवास ९, खाणं-बिलं ३६, घरी १० (ते कमी करणार नाहीये, त्यावर वाद नको), किरकोळ १८ धरलंय कारण मी स्वतःला ओळखते. बेरीज ११५, उरले २५. पगार ४० टक्क्यांनी वाढून शिल्लक मात्र आत्ताच्यापेक्षा ३ नं कमी. मी हे तीनदा करून बघितलं, मला वाटलं कुठंतरी चूक झाली असणार. नाही झालेली.

आणि बाबा, भाडं ३० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही हे तुम्ही दरवेळी सांगता तर १४० चे ३० टक्के बरोब्बर ४२ होतात, खूश व्हा. पण हा नियम आला कुठून ते मी शोधलं, तुम्हाला असलं आवडतं म्हणून सांगते. अमेरिकेत १९६९ मध्ये एडवर्ड ब्रूक नावाच्या सिनेटरनं कायद्यात दुरुस्ती आणली, सरकारी घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही म्हणून. पुढं १९८१ मध्ये तेच २५ चे ३० केले, आणि हळूहळू तो आकडा जगभर शहाणपण म्हणून फिरायला लागला. म्हणजे मुळात ती सरकारनं घ्यायच्या भाड्यावरची मर्यादा होती, खाजगी घरमालकाला तिचं काय पडलंय. शिवाय पगार लहान असला की ३० टक्के देऊन उरलेल्यात भागत नाही आणि मोठा असला की ४० देऊनही आरामात भागतं, त्यामुळे टक्क्यापेक्षा उरतं किती ते बघायचं असं माझं मत झालंय.

मागच्या महिन्यात तिकडं गेले होते ते इंटरव्ह्यूसाठी म्हणून सांगितलं, पण इंटरव्ह्यू एकच दिवस होता. बाकीचे चार दिवस मी जागा बघत होते. सात पाहिल्या. एकीत दार उघडायचं तर आधी कपाट बंद करायला लागतं, दोन्ही एकदम उघडत नाहीत. एका ठिकाणी एजंट सगळा वेळ एकाच भिंतीला टेकून उभा राहून बोलत होता, मला वाटलं थकला असेल बिचारा, मग तो फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा दिसलं की त्याच्या पाठीमागे छातीपर्यंत ओल आलेली! आणि एक जागा तर जवळजवळ पक्की केली होती ऑनलाईन फोटो बघून, फोटोत एवढा छान उजेड, तो माणूस म्हणाला टोकन आत्ता टाका नाहीतर दुसरं कुणीतरी घेईल. मी रक्कम टाईपसुद्धा केली होती. मग म्हटलं आधी जाऊन बघू, तर त्या पत्त्यावर दुकानं होती, वर राहायची जागाच नव्हती. हे आईला रागवायला निमित्त म्हणून सांगत नाहीये, बघितल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही हे मला पटलंय एवढंच.

लांबचीसुद्धा एक बघितली, स्वतंत्र खोली, भाडं फक्त ३१. जाहिरातीत लिहिलेलं ऑफिसपासून ४० मिनिटं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला त्या घराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तिथून मोबाईलवर टायमर लावून निघाले, ऑफिसच्या गेटपर्यंत १ तास २५ मिनिटं. रात्री अकराला गाडीनं ४० मिनिटं लागत असतील कदाचित. जाऊन येऊन २ तास ५० मिनिटं, महिन्याचे २२ दिवस धरले तर ६२ तास, म्हणजे जवळजवळ आठ दिवसांची नोकरी नुसती उभं राहून. शेअरवाल्या जागेपासून ३५ मिनिटं लागतात, महिन्याचे २६ तास. आणि लांबच्या जागेचा प्रवासखर्च १५ धरला की ४६ विरुद्ध ५१. पाच वाचवायला ३६ तास द्यायचे? मार्केटी नावाच्या एका इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये लिहून ठेवलंय की माणूस गावात राहो की शहरात, पायी जावो की गाडीनं, दिवसाला साधारण एक तास प्रवास करतो. माझा १ तास १० मिनिटं होतोय, चालेल.

घर विकत घे, भाडं म्हणजे पाण्यात पैसे, यावर थोडक्यात. घराची किंमत भागिले वर्षाचं भाडं करायचं, उत्तर २० च्या वर आलं तर सहसा भाड्यानं राहणंच परवडतं असा एक ठोकताळा आहे. मी बघितलेल्या भागात ३५ च्या वर येतंय. विषय संपला.

खरा घोळ महिन्याच्या खर्चाचा नाहीये, पहिल्या दिवसाचा आहे. माझ्या वाट्याचं डिपॉझिट दोन महिन्यांचं ८४, पहिलं भाडं ४२, एजंटचं एक महिन्याचं ४२, सामान हलवायला १५, गादी-भांडी-पंखा असलं सगळं १२, आणि इथल्या घराला एक महिन्याची नोटीस द्यायची असते म्हणून तो महिना दोन्हीकडं भाडं, ते १८. झाले २१३. त्यात तिकडं महिन्याच्या मधे रुजू झालं की पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी जोडून देतात, तोवर दीड महिन्याचं खाणं-प्रवास-किरकोळ ९५ आणि आणखी एक भाडं ४२. एकूण ३५०. माझ्याकडं साठलेत २९०. कमी पडतात ६०, आणि बाबा, तुम्ही हे ६० ऐकूनच ठेव पाठवायला निघालात. कंपनी शिफ्टिंगचे पैसे देते, पण आधी आपण खर्च करायचा, बिलं लावायची, मग दोन महिन्यांनी मिळणार, त्यावर कर कापणार, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायचे. ऑफर लेटरच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं. कागदावर १०० आहेत, मी ८० धरलेत आणि तेही पहिल्या दिवशी शून्यच धरलेत.

तर मी असं ठरवलंय. लगेच रुजू होत नाहीये, तीन महिन्यांनी होणार. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहेच, एक महिना जास्तीचा मागितला, एचआरवाली आधी कुरकुरली मग हो म्हणाली आणि मेलवर लिहून घेतलंय. तीन महिन्यांत ८४ साठतील, स्कूटर विकून ४० येतील (तिकडं पार्किंगचं वेगळं भाडं आहे, विचारूच नका). ३५० देऊन हातात ६४ राहतील, नंतर ते ८० आले की १४४. म्हणजे तिथला जेमतेम सव्वा महिना. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजे हे मला माहितीये, महिन्याला २५ नं तिथवर पोचायला आठ महिने लागतील. ते आठ महिने जरा भीतीचे आहेत, खोटं कशाला बोलू. त्यात काही झालं तर मी तुम्हालाच फोन करणार आहे, लाजणार नाही, शब्द देते.

मग जातेसच कशाला, असं आई मनात म्हणतेय ते मला इथं ऐकू येतंय. आई, माझ्या कामाच्या इथं दोनच कंपन्या आहेत आणि त्यातल्या एकीनं वर्षभर कुणाला घेतलेलं नाहीये. उद्या माझी गेली तर मी कुठं जाऊ? तिकडं त्याच रस्त्यावर चार आहेत. आज २५ उरले तरी पुढचा पगार तिथं वाढतो, इथं वाढून वाढून काय वाढणार ते मला पुढच्या टेबलावरच्या माणसाकडं बघून कळतं, तो बारा वर्षं तिथंच बसलाय.

आता ठेवीचं. मागं जन्मदाखला शोधायला आले होते ना, तेव्हा कपाटातल्या त्या खाकी पाकिटात ठेवीची पावती पण होती. मागच्या बाजूला आईच्या अक्षरात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलाय, "गुडघे". बाबा, तुम्ही बघितलंय का ते? मला वाटतं नसेल बघितलं, नाहीतर फोनवर असं पटकन पाठवतो म्हणाला नसता. आणि बघितलं असेल तर मग आपण वेगळं बोलू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दीड वर्ष झालं, आई, तू आता जिना उतरताना पाठमोरी होऊन कठडा धरून उतरतेस ते मी दिवाणखान्यातून बघितलंय, तुला वाटलं मी फोनमध्ये आहे.

मी राजीनामा पुढच्या महिन्याच्या अखेरीला देणार आहे. एकदा दिला की नोटीस काळात रजा मिळत नाही, आणि नव्या ठिकाणी पहिले सहा महिने मिळणार नाही. आत्ता माझ्या खात्यात १४ दिवस रजा शिल्लक आहे. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे घरात कुणीतरी सारखं हाताशी लागतं, त्यातले पहिले १४ दिवस मी, नंतर बाबा, आणि दर शनिवार-रविवार परत मी, अजून इथं असेपर्यंत तरी येता येईल. तिकडं गेल्यावर दर आठवड्याला येणं नाही परवडणार, ते मी ११५ मध्ये धरलेलंच नाहीये.

म्हणून १८ ला पैसे आले की मला पाठवू नका. सोमवारी दवाखान्यात जाऊन पुढच्या महिन्यातली तारीख घ्या आणि लगेच मेसेज करा, मला रजेचा अर्ज आठ दिवस आधी टाकावा लागतो. जमलं तर १० तारखेच्या आधीची घ्या.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, बेरजा तपासून बघा, तुम्ही तपासणार आहातच.