आई, हा तुझा आळस नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "आज दुखत नाहीये गं फारसं, पण सगळं नकोच वाटतं." मागून बाबांचा आवाज आला, "दिवसभर पडून राहिलं की असंच होणार." फोनवर असं काही बोलायला गेलं की विषय बीपीवर नाहीतर भाजीच्या भावावर जातो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे तुमचंही वाचून होईल.

आईचा आमवात बोटांपुरता आहे असं आपण सगळे धरून चालतो. सकाळी मूठ मिटत नाही, दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, मनगट सुजतं, ते दिसतं म्हणून त्याला आपण आजार म्हणतो. दारात रांगोळी काढणं सुटलं, भिशीला जाणं बंद झालं, मावशीचा फोन वाजत असला तरी उचलावासा वाटत नाही, याला मात्र घरात "स्वभाव बदलला" म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या दुसऱ्या गोष्टींचा मोठा भागही त्याच आजाराचा आहे.

आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा सांध्याच्या अस्तरावरच चाल करून जाते. त्या लढाईत सूज येते आणि पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ ही त्यातली दोन मुख्य नावं. ही रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. मेंदूभोवती रक्तातल्या वस्तू गाळून घेणारा पडदा असतो खरा, पण काही जागी तो विरळ असतो. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी निरोप आत पोचवतात. आणि पोटातून, छातीतून थेट मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची नसही तेच काम करते. 1990 च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. जंतूंच्या कवचाचा अंश पोटात टोचला की उंदीर मलूल होत, खेळत नसत, दुसऱ्या उंदराजवळ जात नसत. मात्र ही नस आधीच कापलेली असेल, तर तोच अंश टोचूनही हा मलूलपणा बराच कमी दिसे. आजार तोच, पण निरोप पूर्ण पोचला नव्हता.

बाबा, आजोबांच्या गोठ्यातलं तुम्हीच सांगता ना, जनावर आजारी पडलं की आधी रवंथ थांबतो, वैरणीकडे बघत नाही, कळपापासून लांब उभं राहतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकांनी 1988 मध्ये नेमकं हेच मांडलं. आजारी जनावराचं असं वागणं म्हणजे नुसता अशक्तपणा नव्हे. जंतूंशी लढायला ताकद वाचावी म्हणून मेंदूच शरीराला बसवून ठेवतो. तापात आपल्यालाही उजेड नको, माणसं नकोत, जेवण नको असं होतं आणि चार दिवसांत ते निघून जातं. आमवातात ती लढाई संपतच नाही. म्हणून मेंदूला "बसून राहा" हा निरोप वर्षानुवर्षं मिळत राहतो.

हे फक्त जनावरांपुरतं नाही. इंटरफेरॉन हे औषध म्हणजे शरीरातल्या अशाच एका सायटोकाइनची कृत्रिम प्रत. कावीळ-सी आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी ते मोठ्या मात्रेत देत. एरवी मनाने खंबीर असलेली माणसंही ते घेताना रडू लागत, कशातच रस उरत नसे. 2001 मध्ये मेलानोमाच्या 40 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरची गोळी सुरू केली, अर्ध्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. दुसऱ्या गटात 45 टक्के लोकांना मोठं नैराश्य आलं, पहिल्या गटात 11 टक्क्यांना. अभ्यास छोटा होता, तरी मला तो फार महत्त्वाचा वाटतो. या माणसांचा स्वभाव काही एका इंजेक्शनने बदलला नव्हता. बाहेरून दिलेल्या रसायनाने मनाची उभारी गेली, आणि औषधाने ती पुष्कळांची टिकलीही.

आई, "नकोच वाटतं" यामागेही असंच काहीतरी घडतं. एखादी गोष्ट करावीशी वाटायला मेंदूत डोपामिन नावाचं रसायन लागतं, आणि सूज दीर्घकाळ राहिली की त्याचं काम मंदावतं. रांगोळी तुला आजही आवडते. पण उठून डबा घ्यावा, रंग काढावेत, ही जी आतून ओढ लागते ना, तीच उमटत नाही. याला आळस म्हणणं अन्याय आहे, आणि तू स्वतःला तसं म्हणतेस तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात निरोगी माणसांना जंतूंच्या कवचाचा अगदी थोडा अंश टोचून पाहिलं. काही तास त्यांना उदास वाटलं आणि आपण माणसांपासून तुटलो आहोत असंही वाटलं. पण पुढच्या एका अभ्यासात त्याच टोचणीनंतर जिवाभावाच्या माणसाचे फोटो दाखवले, तेव्हा त्या एका माणसाजवळ असावं ही इच्छा मात्र वाढलेली होती. म्हणजे चार बायकांच्या भिशीत आईला जावंसं वाटत नाही, हे खरं. पण तुम्ही शेजारी बसलेले तिला हवे असतात, हेही खरं. चहा तुम्ही करता, भाजी निवडता, दवाखान्यात तुम्हीच नेता, त्यात तुमचीही दमछाक होते, हे मला दिसतं. तरी "उठ, कामाला लाग" ऐवजी संध्याकाळी नुसतं तिच्याजवळ बसलात तर फार बरं होईल.

सगळं सुजेवर ढकलायचं नाही, हेही लिहिते. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात नैराश्याच्या 60 रुग्णांना आमवातातलंच एक टीएनएफ-रोधक औषध देऊन पाहिलं. 2013 मध्ये निष्कर्ष आला की सगळ्यांचा मिळून विचार केला तर त्याचा उपयोग झाला नाही. ज्यांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे सूज किती आहे ते दाखवणारं प्रथिन, 5 च्या वर होतं, त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हं दिसली. म्हणजे प्रत्येकाची उदासी सुजेतून येत नाही. आईच्या बाबतीत झोपमोड आहे, दुखणं आहे, मोठ्या मावशीचं जाणं आहे. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघायला हवं, कारण त्यांनीही असाच थकवा येतो.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना फक्त बोटं दाखवून परत येऊ नका. मन लागत नाही, झोप तुटते, भूक नाही, हे स्पष्ट सांगा. जुन्या फाईलमधले सीआरपी आणि ईएसआर या सुजेच्या रक्ततपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर जायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मेथोट्रेक्सेट ही आईची आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच. कॅलेंडरवर बाबा खूण करतात ते अगदी बरोबर आहे, चुकूनही ती गोळी रोज जाता कामा नये. "गोळ्या गरम पडतात" असं कुणी सांगितलं म्हणून परस्पर बंदही करायची नाही. स्टिरॉइडनेही चिडचिड होते, झोप उडते, पण तेही एकदम सोडायचं नसतं. विचारून, हळूहळू.

आणखी एक गोष्ट, कारण आता तुम्हा दोघांचंही वय झालं. आजी शेवटच्या वर्षात एका रात्रीत बदलली होती, आठवतं? बाबांना काकांच्या नावाने हाक मारत होती, गोधडीचे दोरे चिमटीत धरून ओढत होती, मध्येच डोळे मिटून गप्प पडत होती. कुणी म्हातारचळ म्हणालं, कुणी बाहेरचं. अंगात ताप नव्हता. निघालं लघवीचं इन्फेक्शन, आणि सलाईनमधून अँटिबायोटिक गेल्यावर काही दिवसांत तिने बाबांना ओळखून चहा मागितला. वयस्कर माणसात इन्फेक्शनचं पहिलं लक्षण कधीकधी फक्त हा गोंधळ असतो. विसरणं महिनोन् महिने हळूहळू वाढलं तर ते वेगळं. पण काल ठीक असलेलं माणूस आज बरळायला लागलं, किंवा एकदम गुंगल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. आईच्या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात, त्यामुळे तिच्या बाबतीत तर थांबायचंच नाही. शेजारच्या वहिनींनाही हे सांगून ठेवा.

बाबा, तपासणीची तारीख कळवा, मी त्याप्रमाणे सुट्टी टाकते आणि तिघं मिळून जाऊ. तोवर आईची झोप, भूक आणि सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, एवढं वहीत रोज एका ओळीत लिहा. डॉक्टर विचारतील तेव्हा ऐनवेळी आठवत नाही.

तुमची,
मनू

ता. क. आई, मावशीचा फोन नाही उचलावासा वाटला तर नको उचलूस. मी तिला सगळं समजावून सांगितलं आहे, ती रागावलेली नाही.