समुद्राला मिळणारे न दिसणारे पाणी

महोदय,

किनाऱ्यालगत शेवाळ माजले की दोष नद्यांना आणि सांडपाण्याच्या नळांना दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण जमिनीखालच्या थरांतून पाझरत समुद्रतळाशी बाहेर पडणारे भूजल त्या हिशेबात धरलेलेच नसते. नदीचे मुख नकाशावर दाखवता येते, हा पाझर मात्र सगळ्या किनाऱ्यावर विखुरलेला असतो.

१९९६ मध्ये विलार्ड मूर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या पाण्यातील रेडियम, म्हणजे भूजलाबरोबर येणारे आणि म्हणून त्याची खूण ठरणारे किरणोत्सारी मूलद्रव्य, मोजून, तेथे येणारे भूजल त्या भागातील नद्यांच्या पाण्याच्या सुमारे ४० टक्के असावे, असा अंदाज मांडला. अशा पाझरात भरतीबरोबर वाळूत शिरून परतणारे खारे पाणीच बहुतांशी असते आणि निव्वळ गोडे पाणी नद्यांच्या मानाने फार थोडे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही ते दुर्लक्षिण्याजोगे नाही, कारण शेतातील खते आणि शोषखड्डे यांतून उतरलेले नायट्रेट, म्हणजे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप, भूजलात समुद्राच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असू शकते. शिवाय वाटेत स्फुरद लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून मागे राहते आणि प्राणवायू असलेल्या भूजलातून नायट्रेट जवळजवळ विनाअडथळा पुढे जाते. म्हणजे जिथे नत्राच्या कमतरतेमुळेच शेवाळाची वाढ आवरलेली असते, नेमके तिथेच नत्र पोहोचते. अमेरिकेतील केप कॉड या द्वीपकल्पावरील वाकोइट उपसागरात घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतील नत्र भूजलावाटे पोहोचले, शेवाळ वाढले आणि त्याखाली समुद्रगवताची कुरणे नाहीशी होत गेली.

भूजलाची चाल मंद असल्यामुळे आज मुरलेले नायट्रेट किनाऱ्याला पोहोचायला वर्षे, कधी दशकेही लागतात. खतांचा वापर घटवल्यावर दोन-चार वर्षांत पाणी सुधारले नाही, तर उपाय फसला असे ठरवून तो सोडून देणे म्हणूनच घाईचे ठरेल.

किनारी पाण्याच्या तपासणीत नदीमुखांबरोबर किनाऱ्याजवळच्या विहिरींतील नायट्रेट आणि उथळ पाण्यातील रेडॉन (रेडियमसारखाच भूजलाची खूण पटवणारा किरणोत्सारी वायू) यांची नियमित मोजणी व्हावी, अशी माझी विनंती आहे. रेडॉनसाठी उपकरण लागते, हे खरे. पण पाझर मोजण्याचे सर्वांत रूढ साधन म्हणजे पत्र्याच्या पिंपाचा कापलेला, तळात उपडा रोवलेला तुकडा आणि त्याला बांधलेली प्लास्टिकची पिशवी. तेव्हा साधनांअभावी हे काम अडले आहे, असे म्हणता येणार नाही.

आपला,
एक वाचक