तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर जुलैत पेपरात एक फोटो ठरलेला असतो. पाच-सात माणसं एकाच रोपाला हात लावून उभी, मागे कंपनीचं बॅनर, कडेला सरपंच. तीन वर्षांपूर्वी असा एक फोटो आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावाच्या गायरानातला होता. त्यात मीही आहे, डावीकडून दुसरा, टोपीवाला.

त्या दिवशी ५०० रोपं लागली. बरीचशी गुलमोहराची, थोडी सप्तपर्णीची. कडुनिंब आणि करंज मात्र कोणाला सुचले नाहीत. प्रत्येक रोपाला लोखंडी जाळी, जाळीवर कंपनीच्या नावाची पत्र्याची पट्टी. गायरानाच्या तोंडाशी मोठी पाटी. दिवाळीपर्यंत पावसाच्या ओलीवर रोपं तगली. पुढचा मे आला, आणि आमच्याकडचा मे म्हणजे काय ते खानदेशच्या माणसाला सांगायला नको. टँकर दोनदा आला, मग आला नाही. जूनमध्ये मी सहज फेरी मारली तर हिरवी म्हणावीत अशी अकरा रोपं निघाली. जाळ्या गावात फिरतायत. आमच्या गल्लीत एका जाळीखाली कोंबड्या झाकलेल्या असतात, वर कंपनीचं नाव तसंच. शेजारचे आप्पा म्हणाले, "झाडे गयात, पाटी ऱ्हायनी."

मी त्या कंपनीवर राग काढायला बसलेलो नाही. लागवडीच्या दिवशी त्यांच्या साहेबांना मी विचारलं होतं, की नाल्याचं काहीतरी करा ना. तो तरुण मुलगा खरं बोलला, "काका, यंदा वरून झाडांचंच आहे." त्या 'वरून'बद्दल मला लिहायचं आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नं, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्यापुढे, तिला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करणं भाग पडलं. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. पैसा कंपनीचा, पण तो कुठल्या वाटेनं जाईल ते सरकारच्या त्या वेळच्या आवडीवर ठरतं. हा पैसा कशावर खर्चता येईल त्याची एक यादी कायद्यात आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्या यादीत स्वच्छ भारत कोष आणि गंगा स्वच्छतेचा निधी आला, तेव्हा सगळीकडे शौचालयं. मार्च २०२० मध्ये कोविडचा खर्च यात धरला जाईल असं जाहीर झालं, पाठोपाठ पीएम केअर्सही यादीत गेलं, आणि पैसा तिकडे वळला. आपल्या राज्यात २०१७ ला चार कोटी झाडं, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. मग कंपन्यांनीही झाडंच लावायची, दुसरं काय? गंगेला यादीत नावानिशी जागा आहे. आमच्या तापीनं मात्र 'पाण्याची गुणवत्ता' या मोघम शब्दांत स्वतःला कुठेतरी बसवून घ्यायचं.

सरकारचा शब्द कंपन्या ऐकत नाहीत, असं कोणी म्हणालं तर मी राखेकडे बोट दाखवीन. माझी मोठी बहीण भुसावळकडे दिलेली. औष्णिक केंद्राची राख तिच्या अंगणातल्या वाळवणावर बसलेली मी लहानपणापासून पाहतोय. या राखेसाठी केंद्राची पहिली अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ ला नवी आली. तिनं सांगितलं, राख शंभर टक्के वापरात आणा, नाहीतर न वापरलेल्या टनामागे १००० रुपये भरा. आता राख सिमेंटला जाते, विटांना जाते, रस्त्याच्या भरावात जाते. राखेचा त्रास संपला असं बहीण म्हणणार नाही. पण तिथे हिशोब टनाचा आहे, आणि टनाला फोटोत उभं करता येत नाही. झाडाचा हिशोब मात्र लावल्याच्या दिवशीच पुरा होतो.

आमचा खरा कचरा कुठला ते आता सांगतो. केळी निसवली की घडाला निळी पिशवी चढते, स्कर्टिंग बॅग. डाग पडत नाही, माल आखाती देशांत जातो, भाव बरा मिळतो. एकरी साधारण १५०० झाडं, म्हणजे १५०० पिशव्या. घड कापला की पिशवी बांधावर. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला किलोवर नेतो, पण चिकानं माखलेली, मातीत लोळलेली ही पातळ पिशवी तो हातात धरत नाही. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी, संपतो तेव्हा आमचा नाला निळा दिसतो. पहिल्या पुरात ते सगळं अनेर नदीत, तिथून तापीत. राहिलेलं आम्ही पेटवतो. मीही पेटवलंय, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी पेटवलं तर रात्रभर घशात खवखवतं.

या पिशवीसाठी कुठल्याच कंपनीचा निधी नाही, कारण तिच्या नावाचं अभियान नाही. प्लास्टिकच्या उत्पादकावर कचरा परत घेण्याची जबाबदारी टाकणारा नियम आहे, पण तो वेष्टनाच्या प्लास्टिकभोवती बेतलेला आहे. घडावरची पिशवी वेष्टन की शेतीचं साहित्य, यावर वाद घालत बसायला आमच्या ग्रामपंचायतीत वकील नाही.

माझा पुतण्या पुण्यात एका कंपनीत हिशोब बघतो. त्याच्याकडून कळलं, की शेअर बाजारातल्या वरच्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीकडे, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, पर्यावरण आणि समाजाचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. पाणी किती, कचरा किती टन, सगळं. म्हणजे मोजता येतं, सक्तीनं मोजायला लावताही येतं. मग दोन टक्क्यांच्या झाडांना तोच नियम का नाही? कंपनीला एकाच वर्षात पैसा संपवावा लागतो, हे कारणही पुरेसं नाही. चालू प्रकल्प सुरू केलेल्या वर्षापुढे आणखी तीन वर्षं चालवायची मुभा नियमातच आहे. तीन वर्षं म्हणजे तीन उन्हाळे. रोपाला नेमके तेवढेच लागतात. कंपनी चालते त्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कायदा म्हणतो. पण २०२१ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानंच खुलासा केला की ही अट बंधनकारक नाही, दिशादर्शक आहे. झालं. दिशा दाखवली, जायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे गाव आपल्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यात आहे. तिथल्या लोकांनी बाहेरून रोपं आणून फोटो काढले नाहीत. कुऱ्हाडबंदी केली, चराई बंद केली, मोडेल त्याला दंड लावला, आणि चारशेहून जास्त हेक्टर जंगल परत उभं राहिलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारनं त्यांना जो मान दिला, त्याच मापानं कंपन्यांचा खर्च तपासला तर काय बिघडेल? लावलेली नव्हे, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली झाडं मोजा आणि तेवढ्याच झाडांचा खर्च मान्य करा. जिल्हाधिकारी कार्यालयानं दर तालुक्याकडून गावाच्या खऱ्या गरजांची यादी मागवावी आणि ती कंपन्यांपुढे ठेवावी. आमच्या तालुक्याच्या यादीत पहिली ओळ निळ्या पिशवीची असेल.

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीला पुन्हा पत्र आलंय. कंपनी दुसरी, जागा तेच गायरान, आकडा तोच ५००. ग्रामसभेत आम्ही ठराव केला, की रोपं कडुनिंब-करंजाची हवीत आणि तीन उन्हाळे पाणी कोण घालणार ते आधी लेखी द्या. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. जुन्या पाटीवर नवा रंग द्यायला मात्र एक पेंटर परवा येऊन माप घेऊन गेला.

आपला,
एक केळी उत्पादक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव