छोटीचं नर्सिंग, मोबाइल आणि वॉर्ड

वर्धा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

छोटीचं बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं आणि बाबांनी विचारलं, "अर्धं कॉलेज मोबाइलवर, मग ही नर्स होईल कशी?" फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या नर्सिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलीही आपल्या राळेगावसारख्याच भागातल्या. त्यांचं म्हणणं ऐका.

मोबाइलवरचा अभ्यास त्यांना नकोसा नाही. सलाइनचं गणित घ्या. 500 मिली 4 तासांत द्यायचं, नळीचा सेट 1 मिलीला 20 थेंब पाडणारा. 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. वर्गात हे फळ्यावर एकदा होतं, आणि मागच्या बाकावरची पोरगी "समजलं नाही" म्हणायला लाजते. व्हिडिओ ती हवा तितक्यांदा मागे नेते. शरीररचना, औषधांचे डोस यांचंही तसंच. समजावणं मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत असाव्या, असं त्या आवर्जून सांगतात. बरोबरच आहे, पेपर इंग्रजीत असतो.

वैताग आहे तो थेट ऑनलाइन तासाचा. लाइन गेली, रेंज गेली की हजेरीही गेली. त्यापेक्षा रेकॉर्ड केलेला तास बरा. पाऊण तासाचा नुसता आवाज कमी दर्जावर 11 एमबीत मावतो, व्हिडिओ शंभराच्या पुढे जातो. म्हणून व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घरी बघायचा.

पण हाताचं काम व्हिडिओनं येत नाही, आणि हे त्या मुलीच सर्वांत ठासून सांगतात. बीपी घ्या. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की त्याच्याही वर आणखी 30 मिलिमीटर हवा भरायची, मग सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या बेतानं सोडायची. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. व्हिडिओ बघून हे पाठ होतं. पण नवखा हात चावी भसकन उघडतो, काटा झरझर उतरतो, पहिले ठोके निसटतात आणि वरचा आकडा खरा असतो त्याहून कमी लागतो. दोघींनी एकाच वेळी ऐकायचा स्टेथोस्कोप लावून शिक्षिका शेजारी बसली, तरच ही चूक पकडली जाते. शीर शोधणंही बोटालाच कळतं, पडद्यावर ती दिसत नाही.

त्यातही क्रम महत्त्वाचा. व्हिडिओ आधी, आणि दोन-तीन दिवसांत लॅबमध्ये पुतळ्यावर सराव. मधे पंधरा दिवस गेले की पुन्हा पहिल्यापासून. पुतळ्याभोवती वीस जणी उभ्या केल्या तर निम्म्या नुसत्या बघतात, म्हणून त्या लहान गट मागतात. माझंही मत तेच.

वॉर्डला तर पर्यायच नाही. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास 100 टक्के पूर्ण करावे लागतात. बुडालेली ड्युटी भरूनच द्यावी लागते. म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत तिला "दोन दिवस ये" असं म्हणू नका.

सुट्टीत ती घरी आली की व्हिडिओच्या तासाला तिला वावरात पाठवू नका. मोबाइल हातात असला तरी तो अभ्यासच आहे. आणि बीपीचा सराव तिला तुमच्यावर करू द्या. आधी अर्धा तास चहा नाही, बाबा, तंबाखूचा खर्राही नाही. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीच्या पातळीवर ठेवायचा, मधे बोलायचं नाही. आकडा वहीत लिहून ठेवायला सांगा. सुई मात्र घरी कुणालाही टोचू देऊ नका, शेजारच्यांनी कितीही गळ घातली तरी.

तुमची,
थोरली