जुन्या विंगचा ठराव मतदानाला टाकायच्या आधी भिंत उघडून बघा

मा. अध्यक्ष साहेब आणि कमिटीतले सगळे,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या जनरल बॉडीचा अजेंडा ग्रुपवर वाचला. जुनी विंग पाडून पूर्ण प्लॉटवर टॉवर, एवढा एकच ठराव आणि त्याखाली हो किंवा नाही. मीटिंगमध्ये प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात आणि त्यात माझं काही नीट बोलून होत नाही, म्हणून आधीच लिहून पाठवतेय, जरा मोठं झालंय पण प्लीज पूर्ण वाचा.

पहिलं हे सांगते की मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात नाही. माझी आई गेलं वर्षभर खाली उतरलेली नाही, दोन मजल्यांचा तो लाकडी जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. लिफ्ट मला तुमच्याइतकीच हवीय. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत पाच माणसं राहतात, त्यांना मोठी जागा हवी हे तर न सांगता कळतं. प्रश्न एवढाच आहे की हे सगळं मिळवायला शंभर वर्षं उभी असलेली इमारत पाडावीच लागते का, आणि हा प्रश्न आपण अजून कोणाला विचारलेलाच नाही.

बिल्डरकडून आलेला स्ट्रक्चरल रिपोर्ट मी तीनदा वाचला. त्यात रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोकून कडकपणा मोजायची) आणि अल्ट्रासॉनिक (आतून ध्वनिलहरी पाठवायची) अशा दोन टेस्टचे आकडे दिलेत आणि त्यावरून इमारत धोकादायक असं लिहिलंय. पण साहेब, या टेस्ट मुख्यतः काँक्रीटसाठी असतात. आपली जुनी विंग काँक्रीटची नाहीच, खाली दगड, वर वीट आणि चुना, त्यावर सागवानी तुळया आणि वासे. सगळा भार भिंतींवर आहे, कॉलम-बीम नाहीतच. काँक्रीट आहे ते फक्त मागाहून बांधलेल्या संडासांच्या स्लॅबमध्ये, तो स्लॅब खराब झालाय हे मलाही दिसतं, खालून सळ्या बाहेर आल्यात. पण त्या स्लॅबवरून आख्ख्या इमारतीचा निकाल लावायचा हे मला पटत नाही. अशी भिंतींवर उभी असलेली, म्हणजे लोड बेअरिंग, इमारत तपासायची पद्धत वेगळी असते, तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे लाकूड कुजलंय का ते ड्रिल करून बघतात, भिंत ओळंब्यात आहे का, पाया खचलाय का, भेगा वाढतायत की जुन्याच आहेत हे भेगेवर खूण करून काही महिने मोजतात. यातलं एकही रिपोर्टमध्ये नाही.

आता ओलीबद्दल, कारण सगळ्यांचा राग खरं तर ओलीवर आहे. पोपडे पडतात, कपाटाच्या मागे बुरशी येते, आणि आपण म्हणतो इमारत म्हातारी झाली. पण मागच्या मोठ्या रिपेअरला कॉन्ट्रॅक्टरने काय केलं आठवतंय का, बाहेरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि वरून सिमेंट प्लास्टर मारून ऑइल पेंट लावला. तेव्हा आपण सगळ्यांनीच सही केली होती, मी पण केली. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि वाळताना बाहेर सोडते, श्वास घेते म्हणा ना. वर सिमेंटचा थर बसला की पाण्याला बाहेरची वाट बंद होते, मग ते आतल्या बाजूने निघतं, सोबत क्षार आणतं, त्या क्षारांचे खडे विटेच्या आत फुगतात आणि वीट भुगा होऊन गळायला लागते. तुळईची टोकं पण त्याच ओल्या भिंतीत असतात, त्यामुळे लाकूड कुजतं. म्हणजे ज्याला आपण म्हातारपण म्हणतोय त्यातलं बरंचसं आपण स्वतः त्या रिपेअरमध्ये भरलेलं आहे. प्लास्टर काढून परत चुना लावता येतो. तुळईचं कुजलेलं टोक कापून स्टीलच्या पट्ट्यांनी नवीन लाकूड जोडता येतं. ही कामं येणारे लोक आहेत, फक्त त्यांना बोलवावं लागतं.

दुसरी गोष्ट लिफ्टची. मागच्या चौकात स्वतंत्र स्टीलच्या फ्रेममध्ये, वेगळ्या पायावर लिफ्ट उभी करता येते, जुन्या भिंतीवर तिचा भार येतच नाही, फक्त प्रत्येक मजल्यावर एक खिडकी तोडून दार करावं लागतं. जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट अशाच बसवतात. आपल्याकडे हा पर्याय एकदाही चर्चेला आला नाही.

आणि मोठ्या जागेचं म्हणाल तर फ्रान्समध्ये बोर्दो शहरात ग्राँ पार्क म्हणून वसाहत आहे, १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं, पाडायच्या चर्चेत होत्या. लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने त्या न पाडता बाहेरून नवीन सांगाडा लावून प्रत्येक घराला काचेची मोठी बाल्कनी-खोली जोडून दिली, लिफ्ट आणि पाइप नवे केले, काही घरं जवळजवळ दुप्पट झाली. काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहत होते, आणि खर्च पाडून नवीन बांधण्याच्या साधारण एक तृतीयांश आला. आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं प्रित्झकर पारितोषिक २०२१ मध्ये त्या दोघांना मिळालं. त्या इमारती काँक्रीटच्या होत्या, आपली नाही, त्यामुळे तसंच्या तसं इथे होणार नाही हे मला कळतं. पण लोकांना बाहेर न काढता घर मोठं करता येतं हे तरी त्यातून दिसतं, आणि आपल्याकडे मागे गॅरेज आणि पंपरूमची आख्खी पट्टी मोकळी पडून आहे, टॉवर उभा करायचाच तर आधी तिथे बघू या. नवीन विंग मागे, जुनी विंग पुढे दुरुस्त करून, ज्यांना मोठी जागा हवी ते मागे जातील.

बिल्डर म्हणतो पुढची दगडी भिंत ठेवतो आणि मागे टॉवर घेतो. अध्यक्ष साहेब, यात फसू नका अशी कळकळीची विनंती आहे. पुढची भिंत म्हणजे इमारत नाही. तो जिना, मधला चौक, वरच्या खिडकीतून दुपारी चौकात उतरणारा उजेड, उन्हाळ्यात पंखा न लावता बसता येतं त्या जाड भिंती, हे सगळं गेलं आणि तोंडाला मुखवटा राहिला तर मग त्यापेक्षा सरळ पाडा, निदान खोटं तरी बोलल्यासारखं होणार नाही. मला हे लिहितानाही त्रास होतोय, पण तसंच वाटतं.

एकदा पाडलेलं सहसा परत उभं राहत नाही. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९१० मध्ये सुरू झालेलं, १९६३ मध्ये पाडायला घेतलं, लोक इतके हळहळले की १९६५ मध्ये शहराने जुन्या वास्तूंसाठी कायदाच केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर उभारायचा घाट घातला तेव्हा त्याच कायद्याने ते वाचलं, केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. तिथे मालकाला बांधकामाचा हक्क शेजारच्या प्लॉटवर वापरायची मुभा होती, म्हणजे आपण ज्याला टीडीआर म्हणतो तेच. आपल्या इमारतीला वारसा दर्जा मिळाला तर असं काही मिळतं का, किती मिळतं, हे पालिकेला लेखी विचारलं पाहिजे. यादीत नाव आलं की हात बांधले जातात अशी भीती ग्रुपवर पसरलीय, ती सगळी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, दुरुस्तीला परवानगी लागते आणि वेळ जातो. पण त्याची दुसरी बाजू पण कागदावर येऊ दे.

आणि हो, नुसतं प्रेम असून इमारत वाचत नाही हे मला मान्य आहे. टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर, १९७२ चा, १४० कॅप्सूलचा, म्हणजे कारखान्यात बनवून टॉवरला जोडलेल्या छोट्या खोल्यांचा. आर्किटेक्ट कुरोकावा यांची कल्पना होती की दर २५ वर्षांनी कॅप्सूल बदलायच्या. एकदाही बदलल्या नाहीत, गळती सुरू झाली, मेंबरांचं एकमत होईना, आणि २०२२ मध्ये जगभरचे लोक हळहळत असताना तो पाडला. तिथे मेन्टेनन्स झाला नाही, बाकी सगळं मागून आलं. आपला सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा, किती वर्षं तसाच पडलाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुनी विंग ठेवायची असेल तर दरमहा जास्त पैसे भरावे लागतील, मी भरायला तयार आहे आणि हे लेखी देते. पण टॉवरच्या चार लिफ्ट, फायर पंप, पार्किंगची मशीन यांचा महिन्याचा मेन्टेनन्स कोणी काढलाय का, बिल्डर देणार त्या कॉर्पस रकमेचं व्याज त्याला पुरणार का, तो आकडा पण त्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवा ना.

माझं मागणं एवढंच आहे की रविवारी हो-नाही मतदान घेऊ नका. ठराव असा घ्या की सोसायटीच्या खर्चाने, बिल्डरच्या नाही, जुन्या इमारतींचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमायचा, त्याने तीन महिन्यांत रिपोर्ट द्यायचा आणि मागच्या पट्टीवर नवीन विंग बसते का याचा नकाशा काढायचा. तोपर्यंत जिथे खरा धोका आहे तिथे, म्हणजे संडासांच्या स्लॅबखाली, उद्याच टेकू लावा, त्याला कोणाच्या मताची गरज नाही. त्या इंजिनिअरने तपासून पाडा म्हटलं तर मी पहिली सही करीन आणि आईला घेऊन भाड्याच्या घरात जाईन.

इंजिनिअर आला की माझ्या घरापासून सुरुवात करा. आतल्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीचे पोपडे मी मुद्दाम काढलेले नाहीत, तुळईचं टोक तिथेच आहे, प्लास्टर फोडायला माझी परवानगी आहे, कपाट सरकवून ठेवते.

आपली,
जुनी विंग, दुसरा मजला