समासात पेन्सिलीने लिहिणाऱ्या अनोळखी वाचकास

सप्रेम नमस्कार.

अप्पा बळवंत चौकात तुमचं डीएसपीचं (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचं) जुनं पुस्तक घेतलं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पहिल्या पानावरचं नाव खोडलेलं आहे, म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय.

कन्व्होल्यूशनचं, म्हणजे आकड्यांच्या दोन ओळींपासून तिसरी काढण्याचं, सूत्र मला पाठ होतं, कळलं मात्र काहीच नव्हतं. तुम्ही समासात 1, 2, 3 आणि 1, 1 एवढेच आकडे घेतले होते. दुसरी ओळ उलटी करून पहिलीखालून एकेक घर सरकवायची, खाली-वर आलेल्यांचा गुणाकार, मग बेरीज: 1, 3, 5, 3. शेजारी लिहिलंत, 'आधी हाताने कर'. त्या रात्री होस्टेलवर आकडे बदलून बदलून वहीची चार पानं भरली, आणि सूत्रातलं ते बेरजेचं सिग्मा पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं.

एफएफटी म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट वेगळ्या काढायची रीत. तीत आठ बिंदूंच्या इनपुटचा क्रम 0, 4, 2, 6, 1, 5, 3, 7 असा का, यावर छापील मजकूर लांबलचक आहे. तुम्ही 1 आणि 4 बायनरीत, म्हणजे 001 आणि 100, समोरासमोर लिहून मधे आरशासारखी रेघ ओढलीत. बस्स. त्याखाली हिशेब: 1024 बिंदूंचा डीएफटी, म्हणजे फ्रिक्वेन्सींचं तेच गणित, थेट सूत्राने काढला तर संमिश्र संख्यांचे 10,48,576 गुणाकार, एफएफटीने 5,120. तिथे पेन्सिल इतकी दाबलीत की मागच्या पानावर वळ उठलाय. तो वळ मी कितीदा बोटाने चाचपलाय!

पुढे आईच्या तंबोऱ्याची खर्जाची तार रेकॉर्ड करून मी स्वतः लिहिलेल्या एफएफटीत घातली. तार 65 हर्ट्झची, पण आलेखात तिथलं शिखर बुटकंच. मग 130, 195, 260, आणि 325 वर पाचवं. आई ज्याला स्वयंभू गांधार म्हणते, खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा, तो हाच. आम्ही दोघं कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

आठ बिंदूंच्या आकृतीशेजारी तुमचा एक प्रश्न आहे: '8च का? 6 का नाही?' खाली उत्तर नाही. तुम्हाला ते एव्हाना मिळालंही असेल, तरी सांगतो: सहाचंही होतं. तीन-तीनचे दोन गट करायचे, नाहीतर दोन-दोनचे तीन. कूली आणि ट्युकी यांच्या 1965च्या लेखातली रीत अवयव पडणाऱ्या कुठल्याही संख्येला चालते. दोनच्या घातांना ती सोपी जाते, म्हणून पुस्तकं तिथून सुरुवात करतात. तुमच्या प्रश्नाखाली मी सहाची आकृती काढून ठेवली आहे, पेन्सिलीनेच.

आपला ऋणी,
पुस्तकाचा आत्ताचा मालक