शंभर तास, एकशेवीस दिवस

क्यू गार्डन्स, न्यूयॉर्क
९ सप्टेंबर २०२५

प्रिय शर्वे,

चार महिने पत्र नाही, तुझ्या तीन मेसेजना उत्तर नाही, वाढदिवसाला नुसतं केकचं चित्र. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा बरा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळा छान. झालं आरोग्य.

लिहायला बसले कारण मला सध्या जी धास्ती आहे ती तुझ्यासारख्या पायलटशिवाय कुणाला सांगून कळत नाही. निनाद म्हणतो, "घरी बसून पगार मिळतोय आणि तू रडतेस?" सासऱ्यांनी अख्ख्या साताऱ्याला सांगितलंय, सूनबाई विमान चालवते. सूनबाई फोन चार्ज करते.

आकडे सांगते, मग तूच काय ते समजशील. सिम्युलेटरमधली चेकराइड, म्हणजे शेवटची परीक्षा, १० जूनला झाली. त्या दिवसापासून १२० दिवसांत, म्हणजे ८ ऑक्टोबरपर्यंत, लाइनवरचे, म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या फेऱ्यांवर उडण्याचे, १०० तास भरायचे. शिकलेलं हातात मुरावं म्हणून केलेला नियम आहे, आणि नियम म्हणून शहाणाच आहे. नव्यांना तपासणाऱ्या चेक पायलटबरोबरचे सुरुवातीचे तास यातच धरतात. जेटला किमान २५ लागतात, माझे २७ झाले. त्यानंतर रिझर्व्हवर ३१. एकूण ५८. आज ९१वा दिवस. २९ दिवस उरलेत आणि ४२ तास.

रिझर्व्ह म्हणजे तुमच्याकडे स्टँडबाय म्हणतात तेच, बोलावण्याची वाट बघत बसणं, पण इथे नव्या माणसाला महिनोन् महिने हेच असतं. महिन्याच्या ठरलेल्या फेऱ्या, म्हणजे स्वतःची लाइन, मिळते सिनिऑरिटीवर, आणि माझ्या खाली यादीत जवळजवळ कुणी नाही. प्रकार तीन. लाँग कॉलला बोलावणं आणि ड्यूटी यांच्यामध्ये निदान १० तासांची विश्रांती द्यावी लागते, म्हणून तो न्यू जर्सीत, घरी एडिसनला बसून करता येतो. तो सिनियर लोक उचलतात. एअरपोर्ट रिझर्व्ह म्हणजे युनिफॉर्म चढवून टर्मिनलवर बसणं. तिथला प्रत्येक मिनिट ड्यूटीत मोजतात. आणि शॉर्ट कॉल, माझ्या वाट्याचा. माझी खिडकी, म्हणजे फोनला तयार राहायची वेळ, पहाटे ३ ते संध्याकाळी ५. चौदा तास, त्याहून लांब ठेवता येत नाही. आमच्या कंपनीत फोन चुकला तर १५ मिनिटांत उलटा लावायचा, आणि बोलावल्यापासून २ तासांत लाग्वार्डिया विमानतळावर हजर.

एडिसनहून २ तासांत? पहाटे ३ ला हो. सकाळी ७ ला गोएथल्स, व्हेराझानो, दोन पुलांचा टोल भरून मी बेल्ट पार्कवेवर उभी असेन. म्हणून रिझर्व्हच्या रात्री इथे क्रॅशपॅडमध्ये. या भागाला लोक गमतीने 'क्रू गार्डन्स' म्हणतात, इतकी आमच्या जातीची वस्ती. दोन खोल्यांत आठ बंक. हॉट बंक म्हणजे जो येईल त्याचा, चादर आपापली. कोल्ड बंक आपल्या नावाचा, पण महाग. मी कोल्ड घेतला, कारण तुला माहीत आहे, बारामतीच्या हॉस्टेलवर तू माझ्या उशीवर तेलकट डोकं ठेवायचीस त्याचा धसका अजून आहे. इथून ई किंवा एफ गाडीने रूझवेल्ट अव्हेन्यू, तिथून क्यू-७० बस, फुकट. पाऊण तास धर, रात्री तासभर. उतरतेस तिथेच जॅक्सन हाइट्स, म्हणजे कोथिंबीर, ओला नारळ, सगळं. बॅगेत पातळ पोहे भाजून डब्यात ठेवते. हॉटेलात लिंबू आणि मीठ मिळतं, दडपून पंधरा मिनिटांत जेवण. तीन शर्ट, दोन चार्जर, टॉर्च, लायसन्स, मेडिकल, पासपोर्ट. बॅग कधीच उघडायची नाही, वापरलेलं त्याच दिवशी धुऊन परत आत. आणि कपडे धुवायला तळघरात जाताना फोन वर ठेवून जायचा नाही, बरोबरही न्यायचा नाही, कारण तिथे सिग्नल नाही. म्हणजे कपडे ५ नंतर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मूळ दुखणं. ज्याला उडायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच बोलावत नाहीत. मला आधी वाटलं कुणाचा राग आहे. मग शेड्युलिंगच्या एका बाईंनी अर्धा तास बसून समजावलं. राग नाही, गणित आहे.

पहिलं म्हणजे उरलेले दिवस. ब्लॉकच्या, म्हणजे रिझर्व्हच्या सलग दिवसांच्या, पहिल्या दिवशी माझ्याकडे चार दिवस असतात, तेव्हा चार दिवसांची ट्रिप मिळू शकते, १८ ते २२ तास. ती नाही मिळाली की दुसऱ्या दिवशी तीनचीच, चौथ्या दिवशी नुसतं जाऊन येणं, तीन तास. म्हणजे पहिल्या सकाळी फोन वाजला नाही की अख्खा ब्लॉक भुसा.

दुसरं, खिडकी. समज मला दुपारी १ ला रिपोर्ट करायला लावलं. नियमाच्या तक्त्यात त्या वेळेला चार उड्डाणांपर्यंत १२ तासांची ड्यूटी आहे. पण शॉर्ट कॉलवर असलीस की मोजणी खिडकी उघडल्यापासून होते आणि सगळं मिळून १६ तासांच्या वर जात नाही. माझी उघडली पहाटे ३ ला, म्हणजे संध्याकाळी ७ ला चाकं थांबून ब्रेक लागलेला पाहिजे. कागदावर १२, हातात ६. साहजिकच ते ११ वाजता खिडकी उघडणाऱ्याला बोलावतात. आणि वादळं दुपारी येतात, क्रूचे तास दुपारी संपतात, पोरं दुपारी अडकतात. धंदा सगळा दुपारचा. पण दुपारची खिडकी बाहेरगावाहून येणाऱ्या सिनियरना आवडते, सकाळच्या विमानाने येऊन लगेच बसता येतं. पहाटे ३ आम्हाला.

तिसरं कळलं तेव्हा मला हसूच आलं. कॉकपिटमधल्या दोघांपैकी एकाचे तरी त्या विमानावर ७५ तास झालेले पाहिजेत. 'हिरवा-हिरवा', म्हणजे दोघेही नवखे, जमत नाही. बरोबरच आहे. पण आमच्याकडचे जुने कॅप्टन मोठ्या कंपन्यांत निघून गेले, त्यांच्या जागी नवे बसले, म्हणजे कॅप्टनची डावी खुर्चीही हिरवी. ट्रिप निघते, यादीत माझा नंबर येतो, संगणक म्हणतो नको, माझ्याखालचा ८० तासवाला मुलगा जातो. त्याचे ९० होतात, माझे ५८ राहतात. पंच्याहत्तर तास नाहीत म्हणून पंच्याहत्तर होत नाहीत.

चौथं, हंगाम. सप्टेंबरच्या सुरुवातीची लेबर डेची सुट्टी झाली की शाळा सुरू, सुट्ट्या बंद, फेऱ्या कमी. तुमच्याकडे परवा पितृपक्ष सुरू झाला ना? इथे विमान कंपन्यांचाही तोच. कुणी काही हलवत नाही.

आणि बोलावलं तरी तास भरतीलच असं नाही. लाग्वार्डियाला दोनच धावपट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या, प्रत्येकी ७,००० फूट. जरा ढग आले की तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या कमी करतात, आणि काहीतरी रद्द करायचंच तर ७६ सीटांचं आमचं एम्ब्रेयर आधी. रद्द झालेल्या फेरीचे पैसे मिळतात, तास नाही. डेडहेडचंही तेच. मागच्या सीटवर युनिफॉर्ममध्ये बसून गेलीस, ड्यूटी झाली, पगार झाला, फ्लाइट टाइम शून्य. महिन्याचे ७५ तास पगाराला ठरलेले आहेत, विमान हलो न हलो. निनादला यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू येतं.

तू म्हणशील, मग इथे एअरलाइनमध्ये बसायला साधारण १,५०० तास लागतात याचा एवढा तोरा कशाला मिरवत होतीस. मिरवत होते, कबूल. तू २०० तासांवर एटीआर विमानाच्या उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसलीस तेव्हा मी फोनवर जे बोलले तेही आठवतंय. तू म्हणालीस, पंधराशे तास त्याच सर्किटमध्ये गोल फिरून काय येतं? मी कोलगन एअरलाइनच्या अपघाताचा दाखला दिला, २००९, बफेलो, ५० माणसं गेली, त्यावरून तर हा नियम आला. आता नीट वाचल्यावर एक गोष्ट द्यावी लागते तुला: त्या दोघा पायलटांचेही तास १,५०० च्या कितीतरी वर होते. फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे सहवैमानिक) रात्रभर प्रवास करून सिअॅटलहून नेवार्कला आली होती, पाठ टेकली ती क्रू रूममधल्या सोफ्यावर. हे १० तासांच्या विश्रांतीचे, खिडकीचे नियम त्याच अपघातानंतरचे, २०१४ पासूनचे. ते मला पटतात. पंधराशेबद्दल तू अर्धी बरोबर होतीस. अर्धीच. चढून जाऊ नकोस.

उपाय काय, तर शोधलेत. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या ट्रिपा उचलता येतात. पण मागच्या १६८ तासांत सलग ३० तास पूर्ण मोकळे असल्याशिवाय पुढची ड्यूटी किंवा खिडकी सुरूच करता येत नाही. म्हणजे मधली सुट्टी भरली की पुढच्या ब्लॉकची पहिली सकाळ जाते, आणि पहिल्या सकाळचं मोल वर सांगितलंच. ब्लॉकच्या शेवटाला जोडून उचलली तर फायद्याची. शेड्युलिंगला रोज फोन करून 'माझे तास अडलेत' म्हणायचं, त्यांच्याकडे अशांची वेगळी यादी असते. ट्रेनिंगवाले ठरवतील तर एखाद्या लाइनवाल्या एफओला पैसे देऊन घरी बसवतात आणि त्याची ट्रिप आपल्याला देतात. जुन्या कॅप्टनबरोबरच्या चार दिवसांच्या दोन ट्रिपा मिळाल्या की प्रश्न जवळजवळ संपला. दोनच, शर्वे.

आणि एक दार आहे. १२० ची मुदत १५० दिवसांपर्यंत वाढते, पण त्यासाठी १२०व्या दिवसाच्या आत एकतर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं ट्रेनिंग, करायचा, नाहीतर चेक पायलटने लाइनवर उडताना बघून म्हणायचं की हिचा हात अजून बरा आहे. ते नाही केलं आणि तासही नाही भरले की पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा चेक.

माझं घोडं अडलंय ते इथे. आत्ताच जाऊन रिफ्रेशर मागू का? यात कमीपणा काही नाही, माझ्या बॅचच्या दोघांनी मागितला. पण चेक पायलट शेजारी बसून बघणार ते काय, माझा गंजलेला हात? मागच्या १९ दिवसांत दोन लँडिंग. त्यातलं एक ठीक. कुठल्याही बाजूने १५ नॉटच्या वर क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, असला तर शंभर तासांच्या आतल्या एफओला लँडिंग देतही नाहीत, कॅप्टनच करतो, म्हणजे जे यायला हवं नेमकं तेच बघत बसायचं. बंकच्या वरच्या फळीला कॉकपिटचं पोस्टर चिकटवलंय, झोपून हात वर करून फ्लो, म्हणजे बटणांचा ठरलेला क्रम, करते. शेजारच्या बंकवालीला वाटतं मी प्रार्थना करते. कागदावर सगळं जमतं. कागदावर थ्रॉटलला वजन नसतं.

आणखी एक हिशेब रात्री केला, करायला नको होता. कॅप्टन व्हायला याच प्रकारच्या एअरलाइनमधले १,००० तास लागतात, इन्स्ट्रक्टर म्हणून फिरवलेले माझे तेराशे त्यात धरत नाहीत. सध्याच्या वेगाने पाच वर्षं. कंपनीला कॅप्टन कमी पडतायत म्हणून विमानं उभी, विमानं उभी म्हणून एफओ उडत नाहीत, एफओ उडत नाहीत म्हणून कॅप्टन होत नाहीत.

तुझं काय ते एका श्वासात विचारते: हैदराबादचं घर मिळालं का, कमांडची, म्हणजे कॅप्टन व्हायची, तारीख आली का, आठवड्याची विश्रांती ३६ ची ४८ तास झाली ती कागदावरच की खरंच, आणि त्या नाशिकच्या स्थळाला तू नक्की काय उत्तर दिलंस ज्यामुळे काकू माझ्या आईला फोन करून रडल्या? कोल्हापूरला पावसात उतरल्याचा फोटो पाहिला. जळले.

माझा ई-सिक्स-बी, उड्डाणाचे हिशेब करायची ती गोल चकती, तुझ्याकडे आहे. 'हरवला' हे मी सहा वर्षं ऐकतेय. दिवाळीला आई येणार आहे, तिच्याबरोबर पाठव.

पत्राला उत्तर नको, फोनच कर, रिफ्रेशर मागू की थांबू एवढं सांगायला. पण वेळ बघून. माझी खिडकी तुझ्या घड्याळात दुपारी साडेबाराला उघडते आणि रात्री अडीचला बंद होते. त्यामध्ये फोन वाजला आणि तू निघालीस तर माझा जीव जाईल. अडीचनंतर कर. तुझी पहाटेची ड्यूटी असेल तर नाहीतरी उठलेलीच असशील, दात घासत बोल.

तुझी,
मृणाल